डबल यलो

नागपूरच्या वर्धा रोडला स्कूटर लागली आणि मागे बाबा बसलेले असले, की प्रत्येक चौकाच्या अलीकडे माझ्या खांद्यामागून आवाज येतो. सिग्नल हिरवा असला तर "ग्रीन." सेकंदांचे आकडे उतरत उतरत पाचच्या खाली आले की "डबल यलो." पिवळा लागला की "यलो." लाल असेल तर बोलत नाहीत, नुसता तळहात माझ्या पाठीवर टेकवतात. छत्रपती चौक, अजनी चौक, रहाटे कॉलनी, पंचशील. सीताबर्डीला पोचेपर्यंत हा क्रम चुकत नाही.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. शेवटच्या काही वर्षांत या हुद्द्याला लोको पायलट म्हणायला लागले, पण ते स्वतःला ड्रायव्हरच म्हणतात. बहुतेक नोकरी मालगाडीवर गेली. अजनीहून कोळसा घेऊन आमला, पुढे इटारसी, वाटेत धाराखोह-मरामझिरीचा घाट. त्यांची काळी लोखंडी लाइन बॉक्स, पांढऱ्या रंगात नाव घातलेली, अजून आमच्या गॅलरीत आहे.

इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा आणि हात वर करून दाखवायचा, दुसऱ्यानं तोच रंग परत म्हणायचा. डबल यलो म्हणजे पुढचा सिग्नल पिवळा मिळणार, आतापासून गाडी हातात घे. यलो म्हणजे पुढचा लाल असू शकतो, थांबायच्या तयारीनं जा. भरलेली मालगाडी ब्रेक लावला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, तिला थांबायला किलोमीटरभर रूळ लागतो. म्हणून लाल दिवा दिसेपर्यंत वाट पाहायची सोयच त्या कामात नाही.

लहानपणी मी विचारलं होतं, की दोघांनाही समोर तोच दिवा दिसतो, तर मोठ्यानं म्हणायचं कशाला? बाबा म्हणाले होते, "डोळे उघडे ठेवून माणूस झोपते बेटा. रात्री तीन वाजता मी पाहिलेलं आहे."

म्हणून स्कूटरवर मलाही परत म्हणावं लागतं. मी "डबल यलो" म्हणते, ॲक्सिलरेटर सोडते, ते गप्प होतात. म्हटलं नाही तर ते पुन्हा म्हणतात. तरी नाही म्हटलं तर पुन्हा. गेल्या दोन-तीन वर्षांत हे पुन्हा पुन्हा म्हणणं वाढलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा त्रास व्हायला लागला होता. त्याचं कारण मला ज्या वाटेनं कळलं ती वाट थोडी लांबची आहे. ती माझ्या कामातून जाते.

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर नेटवर्क शिकवते. टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवायच्या नियमांचा धडा मी हुंकारापासून सुरू करते. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण मधूनमधून "हं" म्हणायचो. "हं" आलं की गोष्ट पुढे सरकायची. "हं" थांबलं की आजी समजायची, पोर झोपलं. इंटरनेटवरच्या बहुतेक जोडण्या अशाच चालतात. पाठवणारा पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा पाठवतो, घेणारा प्रत्येक टप्प्यावर पोच देतो, आणि पोच येत राहिली की पाठवणारा हळूहळू वेग वाढवतो. किती पॅकेटं पोचेविना वाटेत असू द्यायची याचा एक आकडा तो स्वतःशी ठेवतो, त्याला आम्ही कंजेशन विंडो म्हणतो.

वेग वाढवायचा कुठवर, हा सगळा प्रश्न आहे. वाटेतला राउटर, म्हणजे पॅकेटं पुढे धाडणारं यंत्र, किती भरलाय हे पाठवणाऱ्याला दिसत नाही. राउटरजवळ रांग लावायला थोडी जागा असते, ती भरली की नवीन आलेलं पॅकेट तो टाकून देतो. कोणाला काही सांगत नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली आवार, या एकमेकांपासून चारशे यार्डांवर असलेल्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. आठशेवा हिस्सा. तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रं बंद पडली नव्हती. पॅकेटं हरवत होती म्हणून पाठवणारे पुन्हा पाठवत होते, पुन्हा पाठवल्यानं गर्दी वाढत होती, आणि गर्दी वाढल्यानं आणखी हरवत होती. गांधीबागेत दिवाळीच्या आदल्या दिवशी चारही तोंडांनी गाड्या आत शिरतात तेव्हा जे होतं, तेच. व्हॅन जेकबसन यांनी यावर काम केलं आणि १९८८ मध्ये मायकेल केरल्स यांच्यासोबत ते मांडलं. त्यातला मुख्य विचार साधा होता. पॅकेट हरवलं तर ते बहुतेक वेळा गर्दीमुळेच हरवलेलं असणार, म्हणून हरवणं हीच खूण समजायची आणि वेग एकदम कमी करायचा. आजचं इंटरनेट ज्या पायावर उभं आहे तो पाया हाच.

हा विचार मी वीस वर्षं शिकवतेय आणि प्रत्येक वेळी त्याचं कौतुक वाटतं. मध्ये बसलेल्या यंत्रांना काहीही नवं शिकवावं न लागता, दोन टोकांनी नुसत्या गैरहजेरीवरून वाट ओळखली. पण त्याच्या पोटात एक किंमत आहे, तीही मी प्रत्येक वेळी फळ्यावर लिहिते. काहीतरी गमावल्याशिवाय काही कळत नाही. मोठी फाइल उतरत असेल तर एक पॅकेट गेलं काय आणि राहिलं काय, मागून येणाऱ्या पोचांवरून पाठवणाऱ्याला लगेच कळतं आणि तो ते पुन्हा पाठवतो. छोट्या जोडणीचं तसं नाही. चार-सहा पॅकेटांचं काम असलं आणि त्यातलं शेवटचंच हरवलं, तर मागून येऊन बोभाटा करणारं कोणी नसतं. मग घड्याळ संपेपर्यंत नुसतं थांबायचं. परीक्षेचा फॉर्म भरताना शेवटचं बटण दाबल्यावर जे चक्र फिरत राहतं, त्यात कधीकधी असं एखादं शेवटचं पॅकेट असतं.

गर्दी होण्याआधीच मधल्या राउटरनं सांगितलं तर? ही कल्पनाही १९८८ चीच. के. के. रामकृष्णन आणि राज जैन यांनी पॅकेटावरच एक बिट ठेवायची योजना मांडली होती. रांग वाढली की राउटरनं तो बिट लावायचा. पुढे १९९३ मध्ये सॅली फ्लॉईड आणि जेकबसन यांनी रेड नावाची पद्धत आणली, जिच्यात राउटर रांग पूर्ण भरायची वाट पाहत नाही. सरासरी लांबी एका मर्यादेपुढे गेली की तो मधूनमधून एखादं पॅकेट टाकून देतो, म्हणजे पाठवणाऱ्यांना वेळेत कळावं. १९९४ मध्ये फ्लॉईड यांनी हे दोन्ही धागे टीसीपीत एकत्र आणले. राउटरला रांग वाढतेय हे आधीच कळत असेल, तर पॅकेट टाकून कशाला द्यायचं? त्यावर खूण करावी आणि पुढे जाऊ द्यावं. १९९९ मध्ये ते प्रायोगिक म्हणून आणि सप्टेंबर २००१ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ३१६८ या क्रमांकानं मानक म्हणून आलं. नाव एक्स्प्लिसिट कंजेशन नोटिफिकेशन. आम्ही ईसीएन म्हणतो.

त्यासाठी जागा किती लागली? पत्त्याच्या कागदावर, म्हणजे आयपी हेडरमध्ये, दोन बिट. दोन्ही शून्य असतील तर या पॅकेटाला खुणांची भाषा कळत नाही, गर्दी झाली तर टाकून द्या. एक शून्य आणि एक एक, कुठल्याही क्रमानं, म्हणजे भाषा कळते. दोन्ही एक म्हणजे वाटेत गर्दी भेटली. ही शेवटची खूण फक्त राउटर करतो, आणि एकदा केली की वाटेत ती कोणी पुसायची नाही.

पण खूण पोचते ती घेणाऱ्याकडे. वेग कमी करायचा आहे पाठवणाऱ्यानं. म्हणून परतीच्या पोचेवर आणखी एक खूण आहे, तिचं नावच एको आहे, प्रतिध्वनी. घेणारा म्हणतो, तुझ्या पॅकेटाला वाटेत गर्दी लागली. पाठवणारा विंडो कमी करतो आणि पुढच्या नव्या पॅकेटावर तिसरी खूण लावतो, सीडब्ल्यूआर. कळलं, वेग कमी केला. ती खूण हाती येईपर्यंत घेणारा प्रत्येक पोचेवर प्रतिध्वनी देतच राहतो. एकदा सांगून गप्प बसत नाही, कारण पोच स्वतःच वाटेत हरवू शकते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अजनी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहत होते, एम.टेक. करत होते. वाचता वाचता मोठ्यानं हसले. बाबा रात्रपाळीहून येऊन झोपले होते. त्यांना उठवून सांगावंसं वाटलं, की तुमची पद्धत इथंही आहे. उठवलं नाही.

मागच्या वर्षी माझ्या हाताखाली नरखेडची एक मुलगी प्रोजेक्टला होती. विषय हाच, एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये टीसीपी जोडण्यांवर ईसीएनचा परिणाम तपासायचा. खऱ्या नेटवर्कवर हे तपासणं अवघड आहे, मधली यंत्रं आपल्या ताब्यात नसतात. सिम्युलेटरमध्ये तारा, राउटर, रांगा, घड्याळ, सगळं आपणच मांडायचं. सोडतीच्या आकड्यांना तेच बीज (सीड) दिलं की तोच खेळ अगदी तसाच पुन्हा होतो, म्हणून ईसीएन चालू आणि बंद अशा दोन फेऱ्यांमधला फरक नेमका ईसीएनमुळेच आहे असं म्हणता येतं. एक आनंदाची गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवते. एनएस-३ मधली ईसीएन नीट चालतं का हे तपासणारी फाइल उघडली, की माथ्यावर सूरतकलच्या एनआयटीचं नाव दिसतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या या साधनात हा भाग आपल्याकडच्या एका कॉलेजातून गेलेला आहे. नरखेडच्या मुलीनं ते नाव पाहिलं आणि फाइल पुन्हा वरपासून वाचायला घेतली.

मांडणी नेहमीचीच, डंबेल. दोन्ही बाजूंना रुंद रस्ते आणि मध्ये दहा मेगाबिटची अरुंद वाट. वाटेच्या तोंडाशी रेडची रांग. सुरुवातीला एकच जोडणी. टीसीपीमध्ये ईसीएन चालू करायची कळ वेगळी, रेडमध्ये खूण करायची कळ वेगळी, हे तिला माहीत होतं, दोन्ही तिनं चालू केल्या. वायरशार्क या पॅकेटं उघडून दाखवणाऱ्या साधनात पहिलं पॅकेट उघडलं. जोडणी मागणाऱ्या या पहिल्या पॅकेटावर, म्हणजे सिनवर, एको आणि सीडब्ल्यूआर या दोन्ही खुणा होत्या, उत्तरावर फक्त एको. म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना विचारून घेतलं होतं, मला ही भाषा येते, तुला येते का, येते. पुढच्या प्रत्येक डेटा पॅकेटावर भाषा कळते अशी खूण होती.

आणि शेवटी हिशेब निघाला तेव्हा गर्दीच्या खुणा शून्य. बरं, टाकून दिलेली पॅकेटंही शून्य. पण पोच यायला लागणारा वेळ मात्र चढतच गेला होता. कुठंतरी रांग लागत होती आणि रांगेवर नेमलेल्या माणसाला ती दिसत नव्हती.

तीन दिवस आम्ही दोघी त्यात होतो. मर्यादा कमी करून पाहिल्या, बीज बदललं, कोड ओळीनं ओळ वाचला. शनिवारी ती घरी आली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, आईनं केलेलं पाटोडीचं ताट बाजूला, आणि बाबा पेपर वाचत बसलेले. त्यांनी विचारलं, "काय अडून राहिलं?" मी कागदावर काढून दाखवलं. हे स्टेशन, हा सिंगल लाइनचा सेक्शन, इथं गाड्या तुंबतात, इथं सिग्नल आहे, पण तो पिवळा होतच नाही.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ घेतला. "गाड्या कुठं उभ्या आहेत?"

"सिग्नलच्या मागे."

"नाही. सिग्नलच्या मागे असत्या तर त्याला दिसल्या असत्या. त्या सिग्नलच्या पुढे निघून उभ्या आहेत."

नरखेडची मुलगी एकदम सरळ बसली. मग तिनंच सांगितलं, मॅडम, डिव्हाइसची रांग.

एनएस-३ मध्ये रांगा दोन असतात. वरची रेडची, जिथं खुणा होतात, आणि तिच्या खाली प्रत्यक्ष तारेला चिकटलेली डिव्हाइसची. या खालच्या रांगेत, आपण काही सांगितलं नाही, तर शंभर पॅकेटं मावतात आणि तिला खुणा करता येत नाहीत. ती भरल्याशिवाय वरच्या रांगेत काही साचतच नाही. आमची एकच जोडणी एका वेळी शंभरापेक्षा कमी पॅकेटं वाटेत ठेवत होती. सगळी खालच्या रांगेत मावत होती, पोच उशिरा येत होती, आणि वर रेड रिकाम्या अंगणावर पहारा देत बसली होती. मुलीनं एका ओळीत खालच्या रांगेची जागा शंभरावरून एकवर आणली आणि फेरी चालवली. खुणा आल्या. मग प्रतिध्वनी, मग सीडब्ल्यूआर, विंडोचा आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली व्हायला लागला. बाबा आलेख पाहत म्हणाले, "आता गाडी हातात आहे."

सिग्नल कुठं लावायचा हे रेल्वेत कोणाच्या मर्जीवर नसतं. स्टेशनात शिरतानाच्या होम सिग्नलच्या किमान एक किलोमीटर अलीकडे डिस्टंट, म्हणजे आगाऊ इशारा देणारा सिग्नल, कारण तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. वाटेत अडथळा आला तर गार्ड पायी मागे जातो आणि रुळावर फटाके लावतो, सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर तीन. हे आकडे बाबांना झोपेतून उठवून विचारले तरी येतात. आमच्या विषयात ही शिस्त फार उशिरा आली. २०१० च्या सुमाराला जिम गेटिस यांनी बफरब्लोटचा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा जगातल्या घराघरांतल्या मोडेमांमध्ये हेच चाललं होतं, जे आमच्या लॅपटॉपवर तीन दिवस चाललं. मोठमोठ्या मुक्या रांगा आणि कोणालाच वेळेत न मिळालेली सूचना.

त्या मुलीनं प्रोजेक्टमध्ये पुढे जे प्रकरण लिहिलं ते मला सगळ्यात आवडतं, जरी परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. विषय होता, इतकी चांगली गोष्ट सगळीकडे लागू व्हायला इतका वेळ का लागला. ईसीएन आलं तेव्हा वाटेतल्या काही फायरवॉलांना, म्हणजे पहाऱ्यावरच्या यंत्रांना, सिनवरच्या त्या दोन नव्या खुणा ओळखीच्या नव्हत्या. त्यांनी पॅकेटच टाकून दिलं. म्हणजे "मला इशाऱ्याची भाषा येते, तुला येते का?" एवढं विचारलं, तर जोडणीच होईना. २००१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २.४ या आवृत्तीत ईसीएन आलं, आणि ज्यांनी ते चालू केलं त्यांना काही संकेतस्थळं उघडेनाशी झाली. मग लिनक्सनं एक मधली वाट धरली, जी बरीच वर्षं टिकली. आपण होऊन विचारायचं नाही. समोरच्यानं विचारलं, तर हो म्हणायचं. आता दोन्ही टोकांनी हेच धोरण धरलं, तर दोघांनाही भाषा येत असून ती कधीच बोलली जाणार नाही. २०१५ मध्ये ॲपलनं आपल्या उपकरणांवर स्वतःहून विचारायला सुरुवात केली, तेव्हा कुठं बर्फ वितळायला लागलं. २०२३ मध्ये एल-फोर-एस नावाची पुढची पद्धत प्रायोगिक म्हणून आली, त्याच दोन बिटांमधून अधिक बारीक सूचना देणारी. फ्लॉईड २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. ते दोन बिट मात्र रोज पोस्टमनसारखे फिरतात.

त्याच मुलीमुळे मला दुसरी गोष्ट कळली. एका संध्याकाळी बाबांना घेऊन मी सीताबर्डीकडे निघाले होते आणि ती तिच्या ॲक्टिव्हावर आमच्या मागोमाग होती, लायब्ररीतून पुस्तक द्यायचं होतं. रहाटे कॉलनी चौकाच्या अलीकडे आकडे उतरायला लागले. "डबल यलो." मी म्हटलं, डबल यलो. "डबल यलो." मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. वेग कमी केलाच होता. "डबल यलो." मी चिडून ओरडले, हो बाबा, ऐकलं! गाड्या थांबल्या. ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली होती. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही पहिल्यांदाच म्हटलं होतं ना. मी मागे होती, मलाही आलं ऐकायला. आजोबांना नाही गेलं."

मी खुर्चीत बसून राहिले. आदल्याच आठवड्यात मी तिच्याकडून आरएफसीतला तो परिच्छेद वाचून घेतला होता. घेणारा प्रतिध्वनी देत राहतो याचा अर्थ पाठवणाऱ्यानं ऐकलं नाही असाच होतो का? नाही. ऐकलं असेल, वेग कमीही केला असेल, सीडब्ल्यूआरही पाठवलं असेल, आणि ते वाटेत हरवलं असेल. घेणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही. तो आपलं काम करत राहतो. मी तिला विचारलं होतं, या अवस्थेत चूक कोणाची? आणि तिनं बरोबर उत्तर दिलं होतं, कोणाचीच नाही, वाट खराब आहे. तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

माझं डोकं हेल्मेटमध्ये, तोंड पुढे, वर्धा रोडचा आवाज, वरून मेट्रो. आणि बाबांचे कान. घरी टीव्हीचा आवाज वाढला होता, तो आम्ही आईच्या मालिकांवर घातला. फोन ते नेहमी उजव्या कानाला लावायला लागले होते. जेवताना कोणी हळू बोललं तर ते हसून मान हलवायचे, आणि आम्हाला वाटायचं बाबा आता शांत झाले. त्यांनी स्वतःहून कधी सांगितलं नाही. आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते.

धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणीची खोली म्हणजे काचेची एक छोटी केबिन, आतून फोम लावलेली. बाबांना आत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेर उभी होते. तपासणाऱ्या मुलीसमोरच्या यंत्रावर ती आवाज पाठवी तेव्हा एक बारीक दिवा लागायचा, आणि बाबांनी बटण दाबलं की दुसरा. पहिला दिवा, दुसरा दिवा. पहिला, दुसरा. सुरुवातीला जोडीनं लागत होते. मग तिनं स्वर वर न्यायला सुरुवात केली. पहिला दिवा लागला, विझला. तिनं आवाज वाढवला. पहिला लागला, विझला. आणखी वाढवला. काचेपलीकडे बाबा ताठ बसले होते, अंगठा बटणावर तयार, नजर समोर, जशी घाटात उतरताना असेल तशी. ते वाट पाहत होते. दुसरा दिवा बराच वेळ लागला नाही.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. दोन्ही कानांची रेघ उजवीकडे, वरच्या स्वरांना, खाली उतरत गेली होती. इंजिनात किती वर्षं, एवढंच त्यांनी विचारलं. चौतीस, बाबा म्हणाले. खरं तर तो प्रश्न मी त्यांच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं सांगितला, मग ते म्हणाले.

बाहेर आल्यावर ते स्कूटरजवळ थांबले. "असिस्टंटचं ऐकू येत नव्हतं शेवटी शेवटी," ते म्हणाले. "मी त्याचा हात पाहत होतो. हात वर गेला की समजायचं, बोलला."

यंत्र घेतलं आहे. घरात लावतात, रस्त्यावर काढून खिशात ठेवतात, वाऱ्याचा आवाज फार होतो म्हणे. मीही आग्रह सोडला.

परवा संध्याकाळी आम्ही पुन्हा निघालो. अजनी चौकाच्या अलीकडे आकडे उतरायला लागले. सात, सहा, पाच.

"डबल यलो."

मी वेग कमी केला आणि डावा हात खांद्याच्या वर, त्यांना दिसेल असा उचलला. मागून दुसऱ्यांदा आवाज आला नाही.